हॉलरमधलं वरचं घर

पाटण तालुक्यातल्या आमच्या वाडीवरून मी डॉक्टरकी शिकायला पुण्यात आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये 'पानी' मागितलं आणि आजूबाजूची चार टेबलं हसली. पुढची काही वर्षं मी 'ण' घोटला. तो इतका पक्का बसला की सुट्टीत घरी गेलं की आई म्हणायची, "पुन्यावानी काय बोलतुयास रं? नीट बोल की."

हे आधी सांगायचं कारण असं, की १९७६ साली मी अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, कोळशाच्या खाणींच्या मुलखात नोकरीला गेलो, तेव्हा तिथल्या माणसांचं इंग्रजी मला कळेना. त्याआधी न्यूयॉर्कच्या इस्पितळात उमेदवारी केली होती. तिथले सोबती म्हणाले होते, "तिकडे चाललास? त्या हिलबिलींकडे? दुभाषा घेऊन जा." आणि हसले होते. ते हसू मी ओळखलं. पुण्याच्या मेसमधलंच होतं ते. म्हणून या लेखात तिथल्या माणसांचं बोलणं मी आमच्या वाडीच्या बोलीत लिहिणार आहे. मला ते तसंच ऐकू यायचं. इंग्रजीत तू आणि तुम्ही असा भेद नाही. पण शेजारच्या म्हाताऱ्याचा सूर मला पहिल्या दिवसापासून 'तू'चा लागला, तोही तसाच ठेवतो.

वेस्ट व्हर्जिनिया हे राज्य अख्खंच्या अख्खं ॲपलाचियन डोंगरात बसलंय. बाहेरचे त्या डोंगराला 'ॲपलेशिया' म्हणतात, तिथले 'ॲपलॅचा'. पहिला उच्चार केलात की तुम्ही बाहेरचे, हे दार उघडायच्या आत कळतं. दोन डोंगरांच्या मधल्या चिंचोळ्या घळीला तिकडं 'हॉलर' म्हणतात. तळाला एक ओढा, ओढ्याला चिकटून एक रस्ता, रस्त्याला चिकटून कोळशाच्या गाडीचे रूळ, आणि उरलेल्या जागेत घरं. सकाळी दहाशिवाय ऊन येत नाही आणि थंडीत तीनला ते समोरच्या धारेमागं जातं. कोयनेच्या खोऱ्यात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नव्हतं. डोंगर आमच्याहून बुटके, पण झाडी दाट. पत्ता सांगताना लोक दिशा सांगत नाहीत. 'हॉलरच्या तोंडाला' किंवा 'हॉलरच्या डोक्याला' असं सांगतात.

आमचं भाड्याचं घर मधोमध होतं, बेकली या गावापासून पाऊण तासावर. जुन्या खाण कंपनीनं मजुरांसाठी एकाच साच्यात बांधलेल्या घरांपैकी एक. आमच्या वर, चढावर, अजून एक घर. त्यात एक नवरा-बायको राहायचे, साठीच्या अलीकडे-पलीकडे. त्यांची नातवंडं त्यांना पॅपॉ आणि मॅमॉ म्हणायची. तिकडं आजोबा-आजींना हेच शब्द. वर्षभरात आमची पोरंही तेच म्हणायला लागली, आणि मग आम्हीही.

आम्ही राहायला गेलो त्याच संध्याकाळी मॅमॉ आली. एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात काळंकुट्ट बिडाचं भांडं. पातेल्यात तपकिरी दाण्यांच्या शेंगेचे शिजवलेले पिंटो बीन्स, बिडाच्या भांड्यात मक्याच्या पिठाचा कॉर्नब्रेड, आणि एप्रनच्या खिशात एक कांदा. "कांद्याबिगर ग्वाड लागत न्हाई," म्हणाली. मी कांदा टेबलावर ठेवून बुक्कीनं फोडला. मॅमॉ बघतच राहिली आणि दुसऱ्या दिवशी पॅपॉ तेवढं बघायला मुद्दाम खाली आला. बीन्समध्ये डुकराच्या चरबीचा एक पांढरा तुकडा होता. तो माझ्या बायकोनं गुपचूप बाजूला काढला, उरलेल्या बीन्सना लसूण-मिरचीची फोडणी दिली आणि पातेलं रिकामं परत करू नये म्हणून त्यातलेच थोडे वर पाठवले. चार दिवसांनी मॅमॉ विचारायला आली, "त्यात त्वा काय घातलं हुतंस?" तिथून त्यांचं जमलं ते जमलंच.

श्रावणाच्या सुमाराला मॅमॉच्या ओसरीवर, म्हणजे पोर्चवर, शेंगांचा ढीग पडायचा. हिरव्या घेवड्याच्या शेंगा. त्यांच्या शिरा काढायच्या, सुईदोऱ्यात एकेक ओवायची आणि माळा करून ओसरीच्या आढ्याला टांगायच्या. वाळून त्या सुरकुततात, चामड्यासारख्या होतात. नावच 'लेदर ब्रिचेस', चामड्याच्या विजारी. थंडीत रात्रभर भिजवून दिवसभर शिजवायच्या. माझ्या बायकोला हे वाळवण कुणी शिकवावं लागलं नाही. दोघी दोन खुर्च्यांवर बसून ओवायच्या. मॅमॉ कुणाच्या तरी लग्नाची, कुणाच्या तरी भांडणाची गोष्ट सांगायची, बायको निम्मी समजून पुरती मान डोलवायची.

पॅपॉ या वेळी पायरीवर बसायचा. त्याच्या कपाळावर, हातांवर, मानेवर निळ्या रेघा होत्या. मला पहिल्यांदा वाटलं, गोंदलंय. आमच्या आज्जीच्या हनुवटीवर होते त्याच रंगाचे ठिपके. खाणीत दगड लागून कातडी फाटली की जखमेत कोळशाची पूड बसते आणि जखम तिच्यावरच भरून येते. ते गोंदण मरेपर्यंत जात नाही. तो एकतीस वर्षं खाली होता. त्यातली बरीच 'लो कोल'मध्ये, म्हणजे जिथं कोळशाचा थर टेबलाएवढ्या उंचीचा, तिथं. उभं राहायचं नाहीच. गुडघ्यावर, नाहीतर कुशीवर. शेवटची वर्षं तो रूफ बोल्टर होता. वरच्या खडकात भोकं पाडून लोखंडी बोल्ट ठोकायचे, म्हणजे छत खाली येत नाही. कोळशापेक्षा त्या खडकाची धूळ वाईट. एक पितळी नाणं त्याच्या खिशात कायम असायचं. कंपनीचं नाणं, 'स्क्रिप'. त्याच्या बापाच्या काळात पगार असा मिळायचा आणि तो फक्त कंपनीच्याच दुकानात चालायचा. "बापाचं कर्ज फिटल्यालं न्हाई, पर दुकानच बंद पडलं," तो म्हणायचा आणि हसायचा. हसला की खोकला यायचा.

तो खोकला मला ओळखीचा होता. माझे वडील मुंबईला गिरणीत कार्डिंग खात्यात होते, जिथं कापूस पिंजून त्याचे पेळू होतात. आमच्या भागातले निम्मे बाप्ये तेव्हा गिरणीत. रविवारची सुट्टी काढून सोमवारी कामावर गेले की वडिलांची छाती आवळायची. मंगळवार-बुधवारनंतर जरा मोकळी. गिरणीच्या दवाखान्यात लाल औषध मिळायचं. एकदा छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, फोटो स्वच्छ आहे. पुढं मी शिकलो तेव्हा कळलं की कापसाच्या धुळीचा आजार फोटोत दिसतच नाही. सोमवारची छाती हीच त्याची खूण, पण ती कुणी विचारली नव्हती. वडील १९७९ साली गावी गेले. मी पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता.

आता पॅपॉच्या फिडलविषयी. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, पण ती हनुवटीखाली धरून वाजवणारे शहरातले. जुनी माणसं ती छातीला टेकवतात. पॅपॉची फिडल त्याच्या आजाची. ती हलवली की आतून खुळखुळ आवाज यायचा. मी विचारलं तर त्यानं भोकाला डोळा लावायला सांगितलं. आत काहीतरी तपकिरी, मण्यांसारखं. "खुळखुळ्या सापाची शेपटी हाय." रॅटलस्नेक मारला की त्याच्या शेपटीचा खुळखुळा फिडलमध्ये टाकायची रीत आहे. कुणी म्हणतं त्यानं उंदीर-कोळी आत घर करत नाहीत, कुणी म्हणतं आवाज गोड होतो. मॅमॉचं म्हणणं असं की असल्या वाद्यात सापच शोभतो. ती ओल्ड रेग्युलर बॅप्टिस्ट होती. त्यांच्या देवळात वाद्य नाही, आणि फिडल तर सैतानाची पेटी. नवरा वाजवायला लागला की ती आत जायची, पण खिडकी उघडी ठेवायची.

देवळात मात्र ती गायची. एकदा आम्हाला घेऊन गेली. म्हातारा पुढारी एक ओळ भराभर म्हणतो, आणि मग सगळी सभा ती ओळ संथ लयीत, लांबवत, वळवत ओढते. पुस्तक नाही, पेटी नाही, साथ नाही. एकेकाचा स्वर दुसऱ्याच्या जरा मागं, जरा पुढं, पण सगळे मिळून एकच. माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडं सप्ताहाला बुवा चरण देतात आणि टाळकरी तो उचलतात, तसंच. फक्त टाळ नाहीत. बायको कानात म्हणाली, "आबा असते तर यांच्यात बसले असते." आबा म्हणजे तिचे वडील, पंढरीचे वारकरी. मला तेव्हा ते जास्तच वाटलं होतं. आता वाटत नाही.

अशी सहा वर्षं गेली. रस्त्यात गाडी समोरून आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, हा तिथला रामराम. तो माझ्या बोटात बसला. एप्रिलमध्ये रॅम्प नावाची रानकांद्याची पात डोंगरात उगवते. ती खाल्लेल्या माणसाच्या अंगाला तीन-तीन दिवस वास येतो. त्या महिन्यात माझ्या दवाखान्यातली बाकं नाकानं मोजता यायची. पहिल्या वर्षी मी खिडक्या उघडल्या, दुसऱ्या वर्षी मीही खाऊन आलो.

नंतरची गोष्ट सांगायला मला बरीच वर्षं लागली.

खाणकामगारांच्या फुप्फुसाच्या आजाराला तिकडं 'ब्लॅक लंग' म्हणतात. १९६८च्या नोव्हेंबरात त्याच राज्यात फार्मिंग्टन इथं खाणीत स्फोट झाला, ७८ माणसं गेली. त्यानंतर १९६९च्या फेब्रुवारीत हजारो खाणकामगारांनी काम बंद केलं आणि ते चार्ल्स्टनला, राजधानीत, विधानभवनावर गेले. मागणी एकच, ब्लॅक लंगला नुकसानभरपाई. राज्याचा कायदा झाला, वर्षाअखेर वॉशिंग्टनचाही झाला. पॅपॉ त्या मोर्चात होता. पण स्वतःचा फेडरल अर्ज त्यानं केला नाही. "चालतंय तवर चालूंदे, माझ्यापरीस वंगाळ हाल असल्याली मानसं हायेत." १९८१ साली कायदा आवळला गेला. पंधरा वर्षांच्या वर खाणीत काढलेल्या आणि दम पार गेलेल्या माणसाचा आजार खाणीतलाच, असं आधी धरून चालत. १९८२पासूनच्या नव्या अर्जांना ते लागू राहिलं नाही. पॅपॉनं अर्ज केला १९८२च्या वसंतात. ओसरीच्या तीन पायऱ्या चढायला त्याला दोनदा थांबावं लागायचं तेव्हा.

मी त्या काळात शनिवारी एक्सरे वाचायचो. धुळीच्या आजाराच्या फिल्म वाचायची एक परीक्षा असते, ती पास झालेल्याला 'बी रीडर' म्हणतात. मी पास झालो होतो. मालकांच्या बाजूनं दावे लढवणाऱ्या एका कचेरीकडून पिवळी पाकिटं यायची. फिल्ममागं पैसे. कमी लिहा असं मला कधी कुणी सांगितलं नाही. पण जास्त लिहिणाऱ्यांकडं पाकिटं जायची बंद होतात, हे कुणी सांगावं लागत नाही. आम्ही तेव्हा बेकलीजवळ घर बांधायला घेतलं होतं.

फिल्म वाचायची रीत अशी. फुप्फुसातले ठिपके किती दाट, ते शून्य ते तीन या अंकांत लिहायचं. पण अंक दोन लिहायचे, मधे तिरकी रेघ. पहिला तुम्ही ठरवलेला, दुसरा तुमच्या मनात गंभीरपणे आलेला. १/० म्हणजे 'एक ठरवला, पण शून्यही मनात आला'. ०/१ म्हणजे 'शून्य ठरवला, पण एक मनात आला'. डोळ्यांना दिसणारी गोष्ट तीच. पण कायद्याच्या लेखी १/० म्हणजे आजार आहे, आणि ०/१ म्हणजे पुरावा नाही.

जूनच्या एका शनिवारी पाकिटातून पॅपॉची फिल्म निघाली. नाव कोपऱ्यात होतं. मी ते वाचलं. तेव्हाच ती बाजूला ठेवून 'हा माझा शेजारी आहे, दुसऱ्याकडं पाठवा' असं लिहायला हवं होतं. ते मी केलं नाही. उलट मनात आलं की ओळखीचा म्हणून झुकतं माप जायला नको. फिल्म जरा जास्त काळी आली होती. अशा फिल्ममध्ये बारीक ठिपके बुडतात. मी ती दिव्यावर लावली, काढली, परत लावली. आणि ०/१ लिहिलं. आज तीच फिल्म समोर आली तर काय लिहीन, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आणि ते न सांगता येणं हीच खरी गोष्ट आहे, असं मला तेव्हा वाटलं नाही.

रात्री जेवताना बायको म्हणाली, "पॅपॉचे फोटो काढलेत म्हणे. तुमच्याकडं आले का?" मी म्हणालो, "नावं बघत नाही मी."

पुढच्या जानेवारीत अर्ज फेटाळल्याचा कागद आला. त्यात कुणी काय वाचलं ते नावासकट लिहिलेलं असतं. दुसऱ्या एका डॉक्टरनं १/१ वाचलं होतं, दोघांनी शून्य. आणि माझं. मला हे कळलं ते पॅपॉनं सांगितल्यामुळं नाही. त्याच्या वकिलानं दवाखान्यात फोन केला म्हणून. त्या संध्याकाळी मी घरी न जाता गाडीत बसून राहिलो. घरी गेलो तर ओट्यावर मॅमॉचं पातेलं होतं. लेदर ब्रिचेस. बायको म्हणाली, "पॅपॉ स्वतः खाली आले होते द्यायला. चढून जाताना चारदा थांबले."

मी वर जायला आठ दिवस लावले. गेलो तेव्हा तो शेगडीजवळ बसला होता, नाकात ऑक्सिजनची नळी. मॅमॉनं खुर्ची दिली आणि ती आत गेली. मी काहीतरी बोलायला लागलो. त्यानं हात वर केला.

"डॉक, त्ये रेघंचं मला सांग. वकिलानं सांगितलं, पर त्याला बी उमगल्यालं दिसत न्हाई."

मी सांगितलं. पहिला अंक, दुसरा अंक. तो ऐकत होता. पोराला गणित समजतं तसं त्याला ते समजलं.

"म्हंजी येक तुझ्या मनात आल्ता."

"आला होता."

"मग बरं," तो म्हणाला, आणि थोड्या वेळानं शेगडीत कोळसा टाकायला उठला.

मी त्यानंतर लगेच फिल्म वाचणं सोडलं असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण मी अजून चार महिने वाचल्या. घराचा हप्ता होता. सोडलं ते मे महिन्यात, व्हॅन्डॅलियानंतर.

व्हॅन्डॅलिया गॅदरिंग म्हणून चार्ल्स्टनला मे महिन्याच्या अखेरीस एक मेळा भरतो. १९७७पासून दरवर्षी, विधानभवनाच्या आवारात, त्या सोनेरी घुमटाखाली. फिडलवाले, बॅन्जोवाले, मांडीवर ठेवून वाजवायचे डल्सिमर, टाचा आपटत नाचणारे, गोधड्यांचं प्रदर्शन. थापा मारायची स्पर्धासुद्धा असते. ज्याची थाप मोठी त्याला बक्षीस. पण खरी मजा मंचावर नसते. आवारातल्या झाडांखाली अनोळखी माणसं खुर्च्या टाकून बसतात, एकजण सूर काढतो, बाकीचे मिळतात. पॅपॉला १९८३ साली तिथं जायचं होतं. मी नेलं. मागच्या सीटवर मॅमॉ आणि ऑक्सिजनची टाकी, डिकीत फिडल. मॅमॉ म्हणाली, "मी फकस्त गोधड्या बगाया येनार हाय."

एका झाडाखाली तो बसला. फिडल छातीला लावली. आणि मी ते पहिल्यांदा नीट बघितलं. फिडल त्याच्या छातीवर टेकलेली, आणि छाती भात्यासारखी चालू. प्रत्येक श्वासाला फिडल वर जात होती, खाली येत होती, आणि बो धरलेला हात तिच्यामागं वर-खाली जात होता. ती हलती फिडल तो सांभाळून घेत होता. किती वर्षांत हे शिकला असेल, कोण जाणे. 'सोल्जर्स जॉय' वाजवलं. तिकडं ते दर वाजवणाऱ्याला येतं, म्हणून अनोळखी लोकांत तेच आधी निघतं. एक विशीचा पोरगा बॅन्जो घेऊन बसला, मग एक गिटारवाली बाई. तीन चाली झाल्या. चौथीला त्यानं बो खाली ठेवला, पोराला म्हणाला, "तू धर म्होरं." आणि डोळे मिटून ऐकत राहिला.

निघताना त्यानं विधानभवनाच्या पायऱ्यांकडं बोट केलं. "एकोनसत्तरला आमी त्या तितं हुतो. लई थंडी हुती." एवढंच. मॅमॉ गोधड्या बघायला गेलीच नव्हती. ती त्या झाडामागच्या बाकावर बसून होती.

१९८५च्या फेब्रुवारीत तो गेला. पहाटे, इस्पितळात. मला सांगणं भाग होतं, आणि वेळही तेवढ्या तासांचाच होता. मी मॅमॉला व्हरांड्यात बसवलं आणि सांगितलं की फुप्फुसं काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, तर फोटोत न दिसलेलं दिसतं. तसं दिसलं आणि त्यानंच तो गेला असं ठरलं, तर विधवेला पेन्शन मिळू शकते. मी साक्ष देईन. माझं आधीचं वाचन समोर ठेवून देईन. हे शेवटचं वाक्य मी दोनदा म्हणालो असेन.

ती बराच वेळ पर्सचा कडा उघडत-मिटत बसली.

"कापावं लागंल?"

"हो."

"एकतीस वर्सं त्यांनी त्याला जमिनीत घाटला, डॉक. आता मी घालनार. हाय तसा."

मी समजावलं नाही. समजावायला हवं होतं, असं बायको अजून म्हणते. पैशाची गरज खरी होती. पण कोणत्या तोंडानं समजावणार होतो?

तिकडं पुरतात डोंगरावर. प्रत्येक घराण्याची धारेवर, नाहीतर टेकाडावर आपली जागा असते. जमीन गोठली होती, त्यामुळं खड्ड्याला दोन दिवस लागले. पेटी शेवटच्या चढाला गाडीनं जाईना. आठ जणांनी खांद्यावर घेतली, त्यात मी होतो. वर त्या म्हाताऱ्या पुढाऱ्यानं ओळ दिली आणि सगळ्यांनी ती ओढली. वारा इतका होता की अर्धे सूर दरीत जात होते. फिडल ओहायोला गेली. त्यांचा मुलगा तिकडं कारखान्यात होता, त्या हॉलरमधली निम्मी पोरं तिकडंच. त्याच्या थोरल्या पोराला दिली. खुळखुळा आत आहे की काढला, ते मी विचारलं नाही.

मे महिन्यात डेकोरेशन डेला सगळे परत वर गेलो. त्या दिवशी लोक आपापल्या थडग्यांवरचं गवत काढतात, फुलं ठेवतात आणि तिथंच चादरी अंथरून जेवतात. मॅमॉनं मला विळा दिला. माझा हात बघून म्हणाली, "कापायला येतंय की तुला." मी म्हणालो, आमच्या वाडीला गवतच आहे.

त्या वर्षी ती गोधड्या विकायला लागली. तिच्या मधल्या खोलीत छताला दोऱ्या-कप्प्यांवर लाकडी चौकट टांगलेली होती. काम करताना ती खाली सोडायची, रात्री वर ओढून घ्यायची म्हणजे खाली झोपायला जागा. आमची वाकळ जमिनीवर पसरून, तिच्यावर बसून शिवतात, ही हवेत. आधी तिनं आमच्या तीनही पोरांना एकेक गोधडी दिली होती, फुकट. आता शरदात मी एक विकत घ्यायला गेलो. चौकटीवर एक गडद गोधडी ताणलेली होती. निळ्या-करड्या कामाच्या शर्टांचे आणि विजारींचे तुकडे, काही ठिकाणी न निघालेले काळे डाग. मी विचारलं, "ही केवढ्याची?"

"ती इकायची न्हाई," ती म्हणाली. कपाटातून दुसरी काढली, मधे लाल चौकोन आणि भोवती पट्ट्या असलेली. 'लॉग कॅबिन' म्हणतात त्या ठेवणीला. लाल चौकोन म्हणजे घरातली चूल. "ही घे. दोनशे पंचवीस."

मी पैसे दिले. तिनं ते टेबलावर मोजले, एकदा, मग परत एकदा. देवळाच्या पत्रकाच्या पाठीवर पावती लिहिली. एक डॉलर कमी केला नाही. मग पातेल्यावरचं झाकण काढून बघितलं आणि विचारलं, "बीन्स नेतुयास का? बायकोला म्हनावं, फोडनी तीच घाल."